किंग्यानं धरलेला चोर

वस्ताद हिंदूराव माझ्या गोठ्यात, शेणात मांडी घालून बसले होते, आणि किंग्या त्यांच्या मांडीवर डोकं टाकून घोरत होता.

दिवाळीच्या पाडव्याला दोन दिवस होते. फटफटायला आलं होतं. नदीवरचं धुकं चढून गल्लीत शिरलं होतं आणि गोठ्यात येऊन म्हशींच्या श्वासाच्या वाफेत मिसळत होतं. मी चरवी घेऊन दारात उभी राहिले आणि पहिल्यांदा मला वाटलं, आपण अजून उठलोच नाही. एवढा मोठा माणूस. सहा फूट उंची, कुस्तीत चुरगळलेले कान, ज्यांच्या एका शब्दावर चार गल्ल्यांतली भांडणं मिटतात ते आमच्या तालमीचे वस्ताद. ते माझ्या चंद्रीच्या गव्हाणीपाशी पोरासारखे बसलेत, हे जागेपणी दिसायचं चित्रच नव्हतं.

"वैनी," ओठ न हलवता ते म्हणाले, "याला आवरा."

"काय करतोय तो?"

"बघतोय माझ्याकडं."

"डोळे मिटलेत त्याचे, वस्ताद."

"मिटून बघतोय."

मग मला त्यांच्या मुठीतली कवड्यांची माळ दिसली आणि सगळं समजलं.

आमच्या कोल्हापुरात पाडव्याला म्हशी सजवून मिरवतात. शिंगं रंगवायची, मोरपिसं लावायची, पायात चांदीचा तोडा घालायचा आणि मालकाच्या हाकेवर म्हैस गर्दीतून पळवायची. आमच्या घरची रीत अशी, की माझ्या सासूच्या सासूनं ओवलेली कवड्यांची माळ गळ्यात असल्याशिवाय म्हैस पाडव्याला उंबऱ्याबाहेर काढायची नाही. तीन वर्षं चंद्रीनं वस्तादांच्या म्हशीला मागं टाकलं होतं. ही माळ हरवली असती तर चौथ्या वर्षी चंद्री घरातच राहिली असती. एवढाच त्यांचा डाव. माळ विकायची नव्हती, ठेवूनही घ्यायची नव्हती. पाडवा झाला की गुपचूप परत आणून टांगली असती, असं ते नंतर म्हणाले, आणि माझा त्यावर विश्वास आहे.

मागच्या पत्र्यावरून उतरताना त्यांचा हात मनगटापासून कोपरापर्यंत फाटला होता. रक्त ठिबकत होतं. आणि खुंटीवरची माळ काढून वळतात तोवर समोर किंग्या. ते भिऊन होते तिथंच बसले.

किंग्या म्हणजे माझ्या नातवाचं, बसूचं कुत्रं. पिट बुल. पंजाबातून आलेलं पिल्लू म्हणून त्यानं दोन वर्षांपूर्वी आणलं आणि नाव ठेवलं किंग. माझ्या तोंडात ते बसेना, मी किंग्या केलं. रंग गुळासारखा, छातीवर पांढरा ठिपका, डोकं उखळाएवढं. त्या वेळी या जातीची फार हवा होती. तालमीतल्या पोरांच्या मोबाईलवर बायकोचा नसेल पण पिट बुलचा फोटो असायचा. आमचा किंग्या मात्र रेडकांची तोंडं चाटायचा, फटाका वाजला की वैरणीत घुसायचा. शेजारची शांताक्का मला विचारायची, "नीलाक्का, कुत्रं पाळलंय का जावई?" मी तिला जायचं तिथं जायला सांगायचे, पण बोलणं टोचायचं. आमच्या घरात कुठली गोष्ट नुसती शोभेची नसते.

वस्तादांना उठवायची मी घाई केली नाही. चरवी धुतली. दोन म्हशींच्या धारा काढल्या. धार चरवीत पडत होती, किंग्या घोरत होता, आणि वस्ताद देवाच्या मूर्तीसारखे न हलता बसले होते. खरं सांगते, इतकी शांत पहाट मी त्यानंतर पाहिली नाही.

तिसऱ्या म्हशीला हात लावण्याआधी ते म्हणाले, "वैनी, उजाडंल आता."

"मग उजाडू दे. तुमचं तोंड नीट बघते."

"मला तालमीत तोंड दाखवायला जागा राहणार न्हाई." ते म्हणाले. "पोरं पाया पडतात माझ्या. लंगोट बांधायच्या आधी पाया पडतात."

आमचे मालक गेले तेव्हा पहिला खांदा या माणसानं दिला होता. तेही आठवलं. आणि एवढा मोठा माणूस आपल्या मुठीत आलाय याचा आनंदही झाला, तो लपवून काय करू. मी चरवीतल्या दुधात चार बोटं बुडवली आणि म्हणाले, तुम्ही जिवंत आहात तोवर हे माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही. गवळ्याच्या घरात दुधावर घेतलेली शपथ मोडत नाहीत. मोडली तर म्हैस आटते.

मग मी जीभ टाळ्याला लावून टक केलं. किंग्या उठला, त्यानं अंग ताणलं, वस्तादांच्या हातावरचं रक्त एकदा चाटलं आणि वैरणीत जाऊन पडला. वस्तादांनी माळ गव्हाणीवर ठेवली आणि ते धुक्यात गेले. पाच पावलांवर दिसेनासे झाले.

पण रक्त राहिलं ना. गोठ्यापासून गटारापर्यंत थेंब. उजाडल्यावर सून महानंदा ओरडली, शांताक्का धावली, गल्ली जमली. चोर आला होता का, काय नेलं, कुठून पळाला. मी म्हणाले, आला होता, काही नेलं नाही. शांताक्कानं वैरणीतल्या किंग्याकडं बघितलं आणि तोंडाला पदर लावून हसली. म्हणाली, "आणि जावईबापू झोपले हुते वाटतं?"

तिथं माझी जीभ घसरली.

"ते रक्त काय मी सांडलंय?" मी म्हणाले. "किंग्यानं धरला त्याला. मनगटाला."

एवढंच बोलले होते. पण संध्याकाळ व्हायची होती.

आमच्या दारातल्या कट्ट्यावर रोज दिवेलागणीला लोक दूध प्यायला येतात. म्हैस दारात उभी करायची, समोर धार काढायची आणि फेसासकट ग्लास हातात द्यायचा. पैलवान येतात, रिक्षावाले येतात, दुकानं बंद करून व्यापारी येतात. दूध पिताना माणसाला काहीतरी ऐकायला लागतं. त्या संध्याकाळी मी सांगितलं. पहिल्या ग्लासाला किंग्यानं चोराचं मनगट धरलं होतं. दहाव्या ग्लासापर्यंत तो कोपरापर्यंत गेला होता. हाड वाजल्याचं कुणीतरी विचारलं, मी वाजवलं. सांगता सांगता मलाच ते दिसायला लागलं. धुकं, त्यातून झेप घेणारं गुळाच्या रंगाचं अंग, चोराची किंकाळी. त्या आठवड्यात मला दोनदा स्वप्न पडलं, आणि स्वप्नात चोराला तोंड नव्हतं.

वस्तादही आले होते. हाताला पांढरी पट्टी. आखाड्यात खरचटलं म्हणाले. माझं सगळं ऐकून घेतलं, ग्लास खाली ठेवला, मिशा पुसल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जातच तसली हाय. एकदा धरलं की सोडत न्हाई."

मी त्यांच्याकडं बघितलं. ते पट्टीकडं बघत होते.

झालं. वस्तादांनी म्हटलं म्हणजे छापून आलं. पाडव्याला माळ घातलेली चंद्री निघाली तेव्हा तिच्यापुढं किंग्या, गळ्यात झेंडूचा हार, दोन बाजूंनी पोरं मोबाईल धरून. म्हशीपेक्षा कुत्र्याचे फोटो जास्त निघाले. आयाबाया लेकरांना घेऊन येत, लांबून हात जोडत. बसूनं काळा शर्ट शिवून घेतला, त्याच्यावर किंग्याचं तोंड. दुसऱ्या गल्लीतल्या दोघांनी तसलीच पिल्लं आणली. शांताक्का गप्प झाली. किंग्या मात्र होता तसाच. हार खाऊन टाकला आणि रेडकाजवळ जाऊन झोपला.

दीड वर्ष असं गेलं.

मग टीव्हीवर एक बातमी आली. कुठल्या तरी लांबच्या शहरात असल्याच कुत्र्यानं घरातल्याच म्हातारीला फाडलं होतं. त्या म्हातारीचा फोटो दाखवत होते, नाकात चमकी, डोक्यावर पदर. माझ्यासारखीच दिसत होती. मला वाईट वाटलं आणि मी टीव्ही बंद केला. गल्लीनं बंद केला नाही. आठ दिवसांत दुसरी बातमी, मग तिसरी. असली कुत्री पाळायला बंदी येणार म्हणे, असा मेसेज मोबाईलवर फिरला. ज्या पोरांनी किंग्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढले होते त्यांनी ते काढून टाकले. आया लेकरांना पलीकडच्या बोळातून शाळेत न्यायला लागल्या. कट्ट्यावर रोजची तीस माणसं यायची, ती सहावर आली, आणि ती सहाही रस्त्यातच उभी राहून ग्लास मागायला लागली. बसूनं तो काळा शर्ट कपाटात तळाशी टाकला. किंग्या रोज संध्याकाळी दारात बसायचा, पूर्वीसारखे लोक येतील म्हणून शेपूट हलवत. रस्ता रिकामा असायचा.

आणि एका रविवारी तालमीतून बोलावणं आलं.

बाईमाणसानं आखाड्याच्या मातीत पाय ठेवायचा नाही, म्हणून बैठक बाहेरच्या सोप्यात भरवली होती. मला खुर्ची दिली. समोर सतरंजीवर पन्नासएक माणसं, आणि मारुतीच्या तसबिरीखाली वस्ताद. बसू माझ्यामागं उभा होता. त्याला घरातून निघताना मी सांगितलं होतं, की तू तोंड उघडायचं नाहीस.

सर्जेराव बोलायला उभा राहिला. आमच्याच गल्लीतला, मोटारी दुरुस्त करतो. भला माणूस. त्याची सहा वर्षांची पोरगी आमच्या दारावरून शाळेत जायची. त्यानं सांगितलं, की सकाळी महापालिकेची गाडी बोलवायची ठरलंय. कुत्रं नेतील, पुढं इंजेक्शन देतील का काय ते त्यांचं ते बघतील. माझा मान ठेवून आधी मला विचारायचं म्हणून ही बैठक.

"माझं कुत्रं कुणाला चावलंय?" मी विचारलं.

"चोराला," सर्जेराव म्हणाला. "हाड मोडंपर्यंत. आक्का, हे मी टीव्हीवर ऐकल्यालं न्हाई. तुमच्या कट्ट्यावर, तुमच्या तोंडनं ऐकलंय. आज चोर हुता. उद्या माझी पोरगी पळाली दारावरनं, तर त्या कुत्र्याला काय कळतंय कोण चोर आणि कोण पोर?"

मी त्याच्या जागी असते तर हेच बोलले असते, आणि याहून वाईट शब्दांत.

माझ्यामागं बसूचा श्वास ऐकू येत होता. मी खुर्चीवरून उठले. उभ्या गल्लीत माझ्या दुधात कधी पाण्याचा थेंब निघाला नाही आणि माझ्या शब्दात फट निघाली नाही, हा माझा तोरा. चाळीस वर्षं सांभाळलेला. तो मी त्या सतरंजीवर ठेवला.

"मी खोटं बोलले," मी म्हणाले. "किंग्यानं कुणाला धरलं नव्हतं. माणूस पत्र्यानं फाटला. कुत्रं झोपलं होतं."

मग कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. सर्जेराव हसला नाही, तो माझ्याकडं दयेनं बघत होता, आणि ते मला जास्त लागलं.

"आक्का, कुत्र्यासाठी किती खाली याल?" तो हळू म्हणाला. "बसा."

इतकी वर्षं मी खरं बोलते म्हणून लोकांनी माझं खोटं गिळलं होतं, आणि आता खरं कुणी तोंडात घ्यायला तयार नव्हतं.

"बरं, झोपलं हुतं म्हणता," मागून एकजण म्हणाला, "म्हणजे तुम्ही बघितलं. मग चोर कोण ते पण बघितलं असंल. नाव सांगा. त्याला इचारू."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी वस्तादांकडं बघितलं. त्यांच्या अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा होता, उन्हाळ्यातही. ते वर तसबिरीकडं बघत होते. मला वाटतं मी बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिले. एक शब्द बोलले असते तर कुत्रं सुटलं असतं. एक शब्द मी बोलले असते तरी सुटलं असतं. माझ्या बोटांना दूध चिकटलंय असं मला वाटलं, कोमट, दीड वर्षापूर्वीचं.

"तोंड दिसलं नाही," मी म्हणाले. "धुकं होतं."

वस्तादांनी डोळे मिटले.

"मग गाडी बोलवा," कुणीतरी म्हणालं.

"थांबा," मी म्हणाले. "माझं ऐकू नका. म्हशीचं ऐका."

काय म्हणायचंय ते त्यांना समजलं. आमच्या तालमीत असा एक माणूस नाही ज्याच्या बापजाद्यांनी म्हैस राखली नाही. म्हशीला भीती वाटली की ती पान्हा चोरते. सड ओढून ओढून हात मोडले तरी थेंब देत नाही. आणि चंद्री तर अशी, की अनोळखी माणूस खोकला तरी कास आखडते. मी म्हणाले, आज संध्याकाळी चंद्रीला दारात उभी करते. किंग्याला तिच्या मागच्या पायांशी बसवते, मोकळा. तुम्ही सगळे बघा. तिनं पान्हा सोडला तर कुत्रं राहील. नाही सोडला तर गाडीत मी स्वतः चढवीन.

सर्जेराव वस्तादांकडं वळला. वस्ताद इतक्या पटकन बोलले की मला त्यांची कीव आली.

"मान्य," ते म्हणाले. "जनावराचा न्याय जनावर करंल."

संध्याकाळी गल्ली भरली. कट्ट्यापासून पंधरा हात लांब, भिंतीला चिकटून, गच्च्यांवरून, खिडक्यांतून. एवढी माणसं आणि आवाज नाही. शेणी पेटल्याचा धूर खाली उतरला होता, त्यात सूर्य तांबडा अडकला होता, आणि सगळ्यांची तोंडं त्या धुरात पाण्याखालच्यासारखी हलत होती. मी चंद्रीला आणून उभी केली. किंग्याला बोट दाखवलं, तो तिच्या मागच्या खुरांपाशी गोल होऊन पडला. रेडकू लावलं, त्यानं दोनचार ढुशा दिल्यावर बाजूला बांधलं. कासेवर कोमट पाणी मारलं आणि खाली बसले.

सड कोरडे.

पुन्हा हात फिरवला. चंद्रीची कातडी थरथरत होती, माशी बसल्यासारखी, पण माशी नव्हती. कान मागं. कास दगडासारखी. मी ओढत राहिले. चरवीच्या तळाला काही लागलं नाही. मागं कुणीतरी कुजबुजलं. सर्जेरावनं खिशातून फोन काढल्याचं मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं.

तेव्हा मला दिसलं, की माझेच हात थरथरतायत. चंद्री कुत्र्याला भीत नव्हती. ती माझ्या बोटांना भीत होती.

मी हात काढून घेतले. चंद्रीच्या पोटाला कपाळ टेकलं आणि डोळे मिटले. आत पाणी हलल्यासारखा आवाज येत होता. गरम, अंधारा, चघळल्या गवताचा वास. लोक गेले, धूर गेला. मी सोळा वर्षांची होते, नवी नवरी, आणि सासू माझ्या मागं बसून माझे हात आपल्या हातांत धरून शिकवत होती, काही न बोलता, नुसते हात. चार म्हशींच्या मागं कुठंतरी नदी होती. सासूच्या बांगड्या माझ्या मनगटावर घासत होत्या. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. नंतर बसू म्हणाला, आज्जी, तू पाच मिनिटं झोपली होतीस. झोपले असेन.

मग कास सैल झाल्याचं माझ्या गालाला कळलं. कळल्यावरच हात लावला.

पहिली धार चरवीवर वाजली तेव्हा वरच्या खिडकीतल्या बायका एकदम हुंकारल्या. मग दुसरी. मग फेस चढायला लागला आणि आवाज मऊ होत गेला. मी डोळे उघडले तेव्हा किंग्या घोरत होता आणि चंद्रीची शेपटी त्याच्या पाठीवरून संथ फिरत होती.

मी ग्लास भरला आणि लोकांपुढं धरला.

कुणी पुढं आलं नाही.

पान्हा त्यांनी पाहिला होता. सगळ्यांनी पाहिला होता. पण कुत्रं तिथं होतं, आणि ग्लास घ्यायला त्याच्यापासून दोन हातांवर यायला लागत होतं. सर्जेराव एक पाऊल पुढं आला आणि थांबला. त्याची चूक नाही. पोटातली भीती अशी म्हशीच्या सांगण्यावरून जात नाही. माझा हात दुखायला लागला. फेस बसायला लागला.

तेव्हा वस्ताद आले. "वस्ताद, जपून," मागून कुणीतरी म्हणालं. ते थेट कट्ट्यापर्यंत आले, किंग्याला लागून खाली बसले, माझ्या हातातून ग्लास घेतला आणि एका दमात प्यायले. मिशांना फेस लागला. त्यांनी डावा हात किंग्याच्या मानेवर ठेवला. किंग्यानं डोळा उघडला, मिटला.

आता बोलतील, मला वाटलं. तोंड उघडलंही होतं त्यांनी. पन्नास-साठ माणसं श्वास धरून होती. मी मनातल्या मनात त्यांना हात जोडले.

"गोड हाय," वस्ताद म्हणाले.

मग शिट्ट्या, मग टाळ्या. लोक पुढं आले, ग्लास मागायला लागले. सर्जेराव शेवटी आला, पोरीला कडेवर घेऊन. दुधाचा घोट तिच्या तोंडाला लावला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "आक्का, राहू दे कुत्रं." चरवी रिकामी होईपर्यंत अंधार पडला होता.

गर्दी पांगल्यावर वस्ताद ग्लास द्यायला आले.

"सांगून टाकायचं वैनी," ते म्हणाले. "मी काय म्हणणार न्हवतो."

"मी दुधात हात घातला होता. तुम्ही कशात घातला होता?"

त्यांनी ग्लास कट्ट्यावर ठेवला आणि गेले.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत नवीच गोष्ट सुरू झाली. वस्तादांनी नजरेनं पिट बुल गार केला. मानेवर हात ठेवला आणि नरभक्षक कुत्रं शेळी झालं. आठवड्यानं ऐकलं तर किंग्यानं झेप घेतली होती आणि वस्तादांनी ती हवेत झेलली होती. चंद्रीच्या पान्ह्याचं नाव कुणी काढलं नाही. त्या गोष्टीमुळं किंग्या वाचला, म्हणून मी गप्प बसले. लोकांना चोर धरणारं कुत्रं हवं होतं, मग माणूस खाणारं हवं होतं, आणि आता एका मोठ्या माणसानं नमवलेलं हवं होतं. झोपणारं कुत्रं कुणालाच नको होतं.

किंग्या त्यानंतर सात वर्षं जगला. म्हातारपणी दात पडले, मी त्याला भाकरी दुधात कुस्करून द्यायचे. एका सकाळी रेडकांच्या मधे पडला होता, उठला नाही. बसूनं नदीकाठी खड्डा काढला. वस्ताद आले होते. खड्डा बुजेपर्यंत उभे राहिले, आणि मग बसूच्या हातातून फावडं घेऊन त्यांनी स्वतः माती सारखी केली.

गेल्या माघात वस्ताद गेले. तालमीच्या सोप्यात शोकसभा झाली. आता सोपा फरशीचा झालाय, भिंतीला वस्तादांचा मोठा फोटो, हार घातलेला. पुढं त्यांच्या सुना, नातवंडं. एकामागून एक माणसं बोलायला उठली आणि प्रत्येकानं ती कुत्र्याची गोष्ट सांगितली. एकानं तर किंग्याला साखळी तोडायला लावली, त्याला आयुष्यात साखळी नव्हती. शेवटी सर्जेराव, त्याचे केस आता पिकलेत, माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "आक्का, तुम्ही सगळ्यांत थोरल्या. कुत्रं तुमचंच. दोन शब्द बोला."

मला धरून उभं केलं. शपथ सुटली होती. हातात माइक होता, तो जड लागत होता. समोर वस्तादांची धाकटी नात बसली होती, तीनचार वर्षांची, आजोबांच्या फोटोकडं टक लावून. चुरगळलेले कान तिला गंमत वाटत असणार.

मला खरं बोलायचं होतं, आणि खरंच बोलले.

"आमच्या किंग्यानं वस्तादांना कधी दात लावला नाही," मी म्हणाले. "दोनदा ते त्याच्या जवळ बसले. दोन्ही वेळा मी डोळ्यांनी बघितलंय."

सोप्यात टाळ्या उठल्या. थांबेनात. माणसं उभी राहिली, फोटोकडं बघून वस्तादांच्या नावानं जयजयकार केला. मी पदर तोंडाला लावून खाली बसले. सर्जेरावनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि पाणी आणायला सांगितलं.